गल्ल्याच्या आतल्या बाजूनं : किराणा दुकान असलेल्या घरांच्या आठवणी

खतावणी

जुन्या किराणा दुकानांवर बरंच लिहिलेलं वाचायला मिळतं. काचेच्या बरण्या, लिमलेटच्या गोळ्या, सामानावर शेंगदाण्याची मूठ घालणारे दुकानदार काका. छान वाटतं वाचायला, पण ते रस्त्यावरून पाहिलेलं दुकान. आमचं घर दुकानाच्या मागे होतं, मधे एक दार आणि त्यावर कायम अर्धवट सरकवलेला पडदा. त्या पडद्यामागच्या बाजूचं इथे लिहावं असं वाटतं. ज्यांच्या घरी दुकान होतं त्यांनी लिहाच, गिऱ्हाइकांनीही लिहा. फक्त गोळ्या-बिस्किटांच्या पुढे जाऊ या.

मी सुरुवात करते. सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. आजोबांनी दुकान मांडलं, वडील आणि काकांनी चालवलं. सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवण आम्हाला माहीत होतं ते दुसऱ्याच्या लग्नात. गल्ल्यावर कुणीतरी हवंच. वडील आत जेवायला आले की काका बाहेर, काका आले की वडील बाहेर. घास तोंडात असताना 'गिऱ्हाईक आलंय' अशी हाक यायची, माणूस हात धुवून उठायचा आणि आई त्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायची. सलग बसून गरम जेवलेले वडील मला आठवत नाहीत.

खरं दुकान पडद्यामागे बायका चालवायच्या. पोतं आलं की थेट विकायला जात नसे. आजी, आई आणि काकू धने, जिरं, तूरडाळ निवडायच्या, पाखडायच्या. चिंच फोडायच्या, चिंचोके वेगळे करायच्या. मैद्याची खळ करून रद्दीच्या पुड्या चिकटवायच्या. मिरच्यांचे देठ खुडायच्या दिवशी तान्ह्या पोरांना कुणी जवळ घ्यायचं नाही, कारण तो हात पोराच्या डोळ्याला लागला की रात्र गेलीच. आजोबांच्या वह्यांमध्ये हमालाला दिलेले चार आणे आहेत. मालाच्या बैलांना घातलेली पेंड आहे. आजीच्या नावाची ओळ मी शोधली, सापडली नाही.

विकायचा माल घरात खायचा नाही हा नियम होता. घरात यायचा तो तळ. डब्याच्या तळाचं तेल, पोत्याच्या तळाची कणी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातला चुरा. वर्गातल्या मुलींची समजूत अशी की हिच्या घरी रोज खाऊ. चहाच्या पेटीची जागा दुकानाच्या एका टोकाला आणि रॉकेलचं पिंप दुसऱ्या टोकाला, कारण चहा वास ओढून घेतो. साबणाच्या वड्या तांदळाजवळ ठेवल्या तर आजोबा सगळं दुकान उलथंपालथं करायला लावत. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, गुळाला पाझर फुटायचा, आणि ते पुसत बसणं हा आम्हा पोरांचा पावसाळा.

दिवाळीबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा धागा होईल. गावाच्या घरी फराळ होत असताना आमच्याकडे सगळे उभे. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी नवी लाल वही, स्वस्तिक, शुभ-लाभ, बत्तासे. मग पुन्हा गिऱ्हाईक. आमची चकली पडायची ती पाडव्याच्या रात्री दुकान वाढवल्यावर, आणि भाजणी संपलेली असली तर पडायचीच नाही.

लिहा मंडळी.


सुतळी

मिरच्यांचे देठ वाचून हात चुरचुरले. आमच्याकडे वर खोबरेल चोळायचे. उपयोग शून्य.

दुकानाच्या फळ्या आठवतात का कुणाला? रोज सकाळी एकेक काढून आत उभ्या करायच्या, रात्री खाचेत सरकवत परत लावायच्या. मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेले आकडे होते. क्रम चुकला की शेवटची फळी बसायची नाही आणि अख्खी रांग उलट काढायला लागायची. वडील त्या वेळी काही बोलत नसत, नुसते कमरेवर हात ठेवून बघत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि छताला टांगलेला दोऱ्याचा गुंडा. वडील पुडीला गाठ मारत नसत. दोन वेढे, एक पीळ, बोटाभोवती झटका, दोरा तुटलेला. ती पुडी घरी जाईपर्यंत सुटायची नाही. मला अजूनही जमत नाही.


पेठेतला

आमचं दुकान पुण्यात, नदीच्या अंगाच्या पेठेत. त्यामुळे आमच्या घरात काळाचे दोनच भाग. पुराच्या आधी आणि पुरानंतर.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. मी शाळकरी पोर. पाणी ओसरल्यावर वडिलांच्या मागून दुकानात शिरलो. साखरेची पोती होती तिथे ओलं बारदान पडलेलं, आत काही नाही. मिठाचं तेच. गुळाच्या ढेपा नदीच्या गाळात मिसळून गेलेल्या, पाय टाकला की चिकटायचा. डाळी आणि गहू फुगून पोती शिवणीवर उसवली होती. पुढच्या काही दिवसांत त्या ढिगाला मोड आले आणि मग जो वास सुटला तो सांगता येत नाही. तेलाचे बंद डबे मात्र तरंगत वर गेले आणि पाणी उतरताना माळ्यावर अडकून बसले. दुकानातला तेवढाच माल वाचला. पुढचा महिनाभर वडिलांनी तेलच विकलं.

मालापेक्षा मोठा घोळ वह्यांचा. उधारीची वही गाळानं भरलेली. आईनं पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, पण वडील त्या वर्षी पहिल्यांदाच निळ्या शाईच्या पेननं लिहीत होते. पान वाळलं की नुसतं निळं. कुणाकडे किती, सगळं गेलं.

काही गिऱ्हाइकं आपण होऊन आली आणि 'माझ्याकडे इतके होते' म्हणून आकडा सांगून गेली. त्यातल्या काहींची स्वतःची घरं वाहून गेली होती. काही जण, ज्यांच्या वाड्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता, ते पलीकडच्या आळीतून सामान भरायला लागले. वडिलांनी त्यांचं नाव आयुष्यात कधी काढलं नाही. मला सगळी पाठ आहेत.


नीलमोहर

धागा छान आहे, पण सगळे आपल्याच घराबद्दल लिहिताहेत म्हणून गोड गोड चाललंय. मी गिऱ्हाइकाच्या बाजूची. आमच्या गावातला दुकानदार काटा मारायचा. आई घरी आल्यावर आमच्या मापट्यानं तांदूळ मोजायची आणि तो कमी भरायचा. दर वेळी. बोलायची सोय नव्हती, कारण महिन्याची उधारी त्याच्याच वहीत. रोख घेणाऱ्याला तो निवडलेली डाळ द्यायचा, आम्हाला पोत्यातली. आणि आमच्या खात्यावर काय लिहितोय ते आईला वाचता येत नव्हतं. मी दुसरी-तिसरीत गेल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर मला बरोबर नेऊन वहीसमोर उभं केलं. 'मोठ्यानं वाच' म्हणाली. त्या दिवसापासून माप सुधारलं.

मूठभर शेंगदाणे आम्हालाही मिळायचे. ते आमच्याच पैशाचे होते हे नंतर कळलं.


खतावणी

नीलमोहर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमच्या आईंना नमस्कार.

धान्याच्या मापात शीग असते हे इथल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग राहतो ती शीग. शेतकऱ्याकडून घेताना शिगोशीग घ्यायचं आणि विकताना वरून हात फिरवून सपाट द्यायचं, एवढ्यावर पायलीमागे बरंच सुटतं. यात वजन खोटं नाही, माप खोटं नाही, पकडायचं काय? आमच्याकडे हे चालायचं. सगळीकडे चालायचं.

रोख-उधारीच्या भावाचंही तसंच. आजोबांच्या वहीत व्याज कुठेच लिहिलेलं नाही, कारण ते भावातच असायचं. त्यांची बाजू सांगायची तर दर दिवाळीला काही खाती अशी उरायची की ज्यांचे पैसे येणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत असे. ते बाकीच्यांच्या डाळीतून निघायचे. म्हणजे बुडवणाऱ्याचे पैसे तुमच्या आईसारख्या वेळेवर देणाऱ्यांनी भरले. मला हे खूप उशिरा कळलं, कॉलेजात वाणिज्य शाखेला गेल्यावर. वडिलांना विचारलं तर म्हणाले, 'मग दुकान कशावर चालतंय असं वाटलं तुला?'


मापाडी

माप निघालंच आहे तर कोष्टक टाकतो. दोन निठवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, बारा पायली एक मण, वीस मण एक खंडी. हा मापी शेर, धान्य भरून मोजायचा. वजनी शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. वजनी मण ४० शेरांचा, ३७.३२ किलो. तूप, साखर, गूळ वजनावर, ज्वारी-बाजरी मापावर. एकाच दुकानात दोन्ही शेर शेजारी नांदत होते आणि कुणाचा गोंधळ होत नसे.

गोंधळ झाला तो दशमान आल्यावर. आधी पैसे बदलले, १ एप्रिल १९५७ पासून. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण सव्वा पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्ता ठरला : एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता चार वेळा येऊन एकेक आण्याची वस्तू न्या, चोवीस पैशांत काम होतं. एकदम नेली तर पंचवीस. पोरांनी हे पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं. माझ्या चुलत्यांच्या दुकानात एकाच घरातली भावंडं पाठोपाठ येऊन एकेक आण्याचं खोबरं नेत.

मग १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं टप्प्याटप्प्यानं यायला लागली. किलो शेरापेक्षा मोठा, त्यामुळे किलोचा भाव शेराच्या भावापेक्षा थोडा जास्त लागणार हे उघड आहे. पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना फक्त वाढलेला भाव दिसला. चुलते सांगायचे की त्या वर्षात त्यांनी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या पुढे आयुष्यात नाहीत. ग्रॅमची वजनं आल्यावरही लोक पावशेरच मागायचे आणि दुकानदार अडीचशे ग्रॅम टाकायचा. आजही तेच चाललंय.


गोदाकाठ

मापाडीसाहेब, बारा पायल्यांचा मण तुमच्याकडे. आमच्याकडे सोळा.


मापाडी

मान्य. म्हणून तर दशमान आणावं लागलं.


तळकोकणी

आमचं दुकान सिंधुदुर्गात, म्हणजे दुकान सुरू झालं तेव्हा तो रत्नागिरी जिल्हाच होता. गिऱ्हाईक म्हणजे बायका आणि म्हातारी माणसं. बाप्ये मुंबईत, गिरणीत. त्यामुळे आमच्या दुकानाचा महिना कॅलेंडरवर चालत नसे, पोस्टमनवर चालत असे. तो मनिऑर्डरी घेऊन आला की घरोघरी फिरायच्या आधी आमच्या पडवीत बसायचा, कारण अर्धी वाडी तिथेच जमलेली. आजी अंगठ्यासाठी शाईचा पॅड ठेवायची. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपाचा तुकडा असायचा, तो आजोबा वाचून दाखवायचे. 'पैसे मिळाले की कळवावे, म्हशीला औषध द्यावे.' खासगी असं काही राहत नसे. पैसे हातात आले की तिथल्या तिथे मागची बाकी फिटायची, आणि त्याच पानावर पुढचा महिना सुरू.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पेपरात मुंबईच्या सभांचे फोटो यायचे. आमच्याकडे संप आला तो असा, की पोस्टमन आला आणि पडवीत न बसता पुढे गेला.

पहिले दोन महिने कुणी घाबरलं नाही. 'वयनी, लिवन ठेव, मनिऑर्डर इली की देतंय.' मग बाप्ये परत यायला लागले, आणि खाणारी तोंडं वाढली. आजोबांना कुडाळच्या घाऊकवाल्याचे पैसे रोख द्यावे लागत. तो आमच्यासारखा थांबणार नव्हता, त्यालाही कोल्हापूरच्या पेठेत द्यायचे असत. शेवटी निर्णय आजीनं घेतला, आजोबांनी नाही. तांदूळ, मीठ, रॉकेल आणि काडेपेटी उधार. चहा, साखर, विड्या, साबण रोख. विड्या रोख म्हटल्यावर जी भांडणं झाली! माणसं तांदळासाठी गप्प बसली, पण विडीसाठी दुकानासमोर उभं राहून आजीच्या माहेरापर्यंत पोचली. ती ढिम्म हलली नाही.

फेडलं कसं? पैशानं फार थोड्यांनी. मे महिन्यात काजूबी आणून घातली, सोलं आणली, काहींनी पावसाआधी आमच्या घराच्या छपराची शाकारणी करून दिली. वडिलांनी प्रत्येक गोष्टीचा भाव लावून जमेला धरलं. एका घरातल्या मुलानं कितीतरी वर्षांनी, नोकरी लागल्यावर, बापाच्या खात्याची बाकी आणून दिली. आजोबा नव्हते तेव्हा. वडिलांनी आकडा पाहायला वही काढली, तर त्या खात्यावर आजीनं आधीच काट मारून ठेवलेली. तिला लिहिता येत नव्हतं, रेघ मारता येत होती. अशा बऱ्याच रेघा निघाल्या त्या वहीत. आजोबांना पत्ता नव्हता की होता, यावर आमच्याकडे अजून वाद आहे.

तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही म्हणतात. आमच्या वहीतही तो तसाच आहे.


सुतळी

तळकोकणी, आजीला साष्टांग. विड्या रोख!


गोदाकाठ

आमचं खेडं मराठवाड्यात, म्हणजे आजोबांची सुरुवात निजामात. त्यांच्या जुन्या वहीत दोन पैसे चालतात, हाली आणि कलदार. हाली म्हणजे हैदराबादचा सिक्का, कलदार इंग्रजांचा. सात हाली बरोबर सहा कलदार. माल सोलापूरहून यायचा तो कलदारात, विकायचा हालीत. संस्थान १९४८ ला भारतात आलं तरी हाली पुढे काही वर्षं चाललाच. आजोबा मरेपर्यंत पक्क्या माणसाला 'कलदार माणूस' म्हणत.

मी पाहिलेला म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आमच्याकडे रेशनचं दुकानही जोडून होतं. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेची तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना कडेला चिरायची आणि लोक शिव्या आम्हाला द्यायचे, जणू वडिलांनीच पेरली. गावातली बाया-माणसं सगळी दुष्काळी कामावर, खडी फोडायला. तिथे सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं, आणि मजुरी झाली की दुकानाला गर्दी. मजुरी लांबली की दुकानात माणसं यायची आणि काही न मागता नुसती उभी राहायची. वडील सांगायचे, मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. उभ्या माणसाचं काय करायचं?

नीलमोहर ताईंना धरून एक लिहितो. त्या साली आमच्या भागात काही दुकानदारांनी माल दाबला. मागच्या खोलीत पोती आणि पुढे 'माल नाही'. गावाला माहीत होतं. त्यांची पोरं आमच्याबरोबर शाळेत होती, त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पोरांचा काय दोष होता, पण दुकानदाराच्या पोराला हे भोगावं लागतं. आमचं दुकान त्यात नव्हतं असं वडील सांगत. मी मागच्या खोलीत कधी जाऊन पाहिलं नाही.


सूनबाई

मी दुकानात लग्न होऊन आले. वऱ्हाडात, अमरावतीकडे. माहेरी नोकरदार घर, महिन्याचं वाणसामान यादी देऊन यायचं. इथे मीच सामान.

सासरे अचानक अंथरुणाला खिळले, नवरा खरेदीसाठी बाहेर, म्हणून मी गल्ल्यावर बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं, माझ्याकडे बघून म्हणालं, 'मालक कोठी गेले?' मी म्हटलं, 'मीच देते, काय पाहिजे?' तो म्हणाला, 'मंग येतो.' सकाळची वेळ, भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची होती. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, त्या माणसाला नावानं हाक मारली आणि म्हणाल्या, 'तिच्याच हातची तूरडाळ आठ वर्सं झाली खाऊन राहिला ना बे तू?' कारण निवडायचं काम माझं होतं. त्यानं निमूट एक किलो घेतली. माझी भवानी.

आमच्याकडचं चक्र कापसावर. १९७२ ला सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी यायचे, त्यामुळे उधारीही हप्त्यांनी फिटायची. लोक सरकारवर चिडलेले, पण सरकार काही आमच्या ओट्यावर येत नव्हतं, आम्ही होतो. चुकारा झाला की सगळ्यात आधी लग्नाचं, मग सावकाराचं, मग बियाण्याचं, आणि उरलं तर दुकानाचं. सगळ्यात शेवटी फेडायचं देणं म्हणजे किराणा, कारण दुकानदार कोर्टात जाणार नाही हे ठाऊक. कायद्यानं उधारी वसूल करायला तीन वर्षांची मुदत असते, मधे गिऱ्हाइकाची सही किंवा थोडा भरणा घेतला तर ती नव्यानं मोजतात. म्हणून सासरे दिवाळीत लोकांना बत्ताशाचा प्रसाद द्यायचे आणि हळूच वही पुढे सरकवायचे, 'बाकी पाहून घ्या, सही करा.' लोकांना वाटे मान देताहेत.

खतावणी ताई, तुमच्या आजीसारखं माझंही नाव वहीत नाही. पण मी गल्ल्यावर बसायला लागल्यापासूनच्या वह्या माझ्या अक्षरात आहेत.


नवी फळी

मी इथे सगळ्यात लहान दिसतोय. आमचं दुकान अजून चालू आहे, उपनगरात, समोर मोठं सुपरमार्केट.

वडील एक गोष्ट नेहमी सांगतात. सुट्या मालाच्या काळात दुकानदाराला मत होतं. 'यंदाची तूर शिजत नाही, नका नेऊ', 'हा गूळ पोळीला चालेल, लाडवाला नको.' लोक ऐकायचे. १९७७ च्या पाकीटबंद मालाच्या नियमांनंतर पाकिटावर वजन आलं, किंमत आली, आणि नीलमोहर म्हणतात ती लबाडी करायची जागाच राहिली नाही. ते चांगलंच झालं. पण आता मी फक्त पाकीट उचलून देतो. ते मशीनही करेल.

उधारी मात्र गेलेली नाही. लॉकडाऊनमध्ये सुपरमार्केटच्या दारात रांगा होत्या आणि ज्यांचे पगार थांबले ते आमच्याकडे आले. मी मोबाइलमध्ये लिहून ठेवत होतो. वडील म्हणाले, वही कर. मी विचारलं का, तर म्हणाले मोबाइल फक्त तुला दिसतो, वही त्याला दिसते. केली वही.


पेठेतला

नव्या फळीच्या वडिलांना सांगा, शाई काळी वापरा.


खतावणी

भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. एक प्रश्न होता. आमचं दुकान आता नाही, गाळा भाड्यानं दिलाय. माळ्यावर आजोबांच्या आणि वडिलांच्या वह्यांचे गठ्ठे आहेत, आणि जुनी लोखंडी वजनं. भाऊ म्हणतो वह्या नदीत सोडू, वजनं भंगारात घालू. मला दोन्ही पटत नाही. काय करावं?


मापाडी

वजनं अजिबात देऊ नका. उलटी करून पाहा. खाली एक भोक असेल, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन कमी भरलं तर शिसं वाढवून बरोबर करतात आणि त्याच शिशावर तपासणीचा शिक्का मारतात. अशा फेरतपासण्या ठरावीक मुदतीनं व्हायच्या, म्हणून बऱ्याच वजनांवर शिक्क्यांची गर्दी असते. घासू नका, फक्त कोरड्या फडक्यानं पुसा. शेराची निघाली तर इथे फोटो टाका.

वह्या कुठल्या इतिहास मंडळाला नाहीतर विद्यापीठाला विचारून पाहा. भाव, आवक, कुठला माल कुठून यायचा, हे सगळं सरकारी कागदांत असं मिळत नाही.


पेठेतला

वह्या देण्याआधी विचार करा. त्यात तुमचे आजोबा थोडे आहेत, बाकी सगळं गाव आहे. कुणाच्या घरी कुठल्या महिन्यात साखर बंद झाली, कुणी विडी सोडली नाही. ती माणसं गेली असतील, नातवंडं आहेत. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, खुशाल द्या. उधारीची खाती नका देऊ.


नीलमोहर

माझं मत उलटं आहे. आमच्या गावच्या त्या वहीत माझ्या आईचं नाव असेल. मला ते पान कुणी दाखवलं तर मी पैसे देऊन घेईन.


सूनबाई

दोघांचंही बरोबर वाटतंय. खतावणी ताई, पानं चाळा आधी. माझ्या सासऱ्यांच्या वहीत तर नावंच नाहीत. 'विहिरीजवळचा', 'दोन बायकांचा', 'पोस्टातला नवा'. पोस्टातला नवा तीस वर्षांनी निवृत्त झाला तरी नवाच. अशा वहीतून कुणाची अब्रू जाणार नाही.


खतावणी

आमच्याकडेही अशीच नावं निघताहेत. काल एक गठ्ठा सोडला. 'वाटण्याची उसळ' नावाचं एक मोठं खातं आहे, दर आठवड्याला पावशेर वाटाणा, दुसरं काही नाही. वडिलांना विचारलं हे कोण, तर ते पाच मिनिटं हसत होते आणि सांगायला तयार नाहीत. शेवटी काकांना फोन केला. ते आमचे गणिताचे सर निघाले. बाकी साडेअकरा रुपये.

रोजमेळ देण्याबद्दल चौकशी करते आहे. उधारीच्या वह्या तूर्त माझ्या घरी येताहेत, भावाशी तसं बोलणं झालंय. वजनांचे फोटो रविवारी.